होडीत झोपलेला देव

रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रवचन संपलं की आम्ही सगळे उठून उभे राहतो आणि विश्वासाची कबुली म्हणतो. मुंबईतल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये जा, मिस्सा मराठीतली असो, इंग्रजीतली असो की कोकणीतली, कबुली तीच. देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश, खऱ्या देवापासून खरा देव, जन्मलेला, घडवलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व. तोंडपाठ असल्यामुळे ती भरभर होते. मागच्या बाकांवरची पोरं तर एका श्वासात म्हणून मोकळी होतात. मला मात्र अलीकडे तिच्या एकेका तुकड्यापाशी रेंगाळावंसं वाटतं. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दासाठी कोणी ना कोणी भांडलं आहे आणि हद्दपारी सोसली आहे. त्याच प्रश्नासाठी पुढे एका म्हाताऱ्याने जीभ आणि हात गमावला. हे सगळं मी पुस्तकांत आधीही वाचलं होतं. त्याची गरज काय, हे बाबांच्या आजारपणात कळलं.

मी मूळची गोराईची. आमच्या घरी डोल जाळ्याची मासेमारी. बाबा अंगात बळ होतं तोवर होडीवर गेले, मग खाडीपलीकडे बोरिवलीला आमच्याकडे राहायला आले. मी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाते, मिस्सेतली ती भाकर जी आम्ही ख्रिस्ताचं शरीर मानतो. चर्चला येऊ न शकणारी माणसं आसपासच्या चाळींत आणि इमारतींत पुष्कळ आहेत. त्यांच्या खाटेशेजारी बसलं की ख्रिस्त कोण, हा प्रश्न पुस्तकात राहत नाही. समोरचं माणूस आपल्याकडे बघत असतं, आणि आपल्या हातात जे आहे ते कोणाचं शरीर आहे, हे आपल्याला ठाऊक असायला लागतं.

म्हणून आधी तो जुना वाद. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात अरियस नावाचा एक धर्मगुरू होता. त्याचं म्हणणं दिसायला साधं आणि देवाचा मान राखणारं होतं. देव एकच, अनादि, अस्पर्श. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा त्या देवाने सर्वांत आधी निर्माण केलेला, सर्वांत श्रेष्ठ, पण निर्माण केलेलाच. तो नव्हता अशी एक वेळ होती. हा विचार त्याने गाण्यांतून पसरवला. खलाशांसाठी, जात्यावर दळणाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी त्याने गाणी रचली, असं त्याच्याच बाजूचा एक प्राचीन इतिहासकार सांगतो. ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाईनने नायसिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, धर्माध्यक्षांची, म्हणजे बिशपांची, परिषद बोलावली. तिने अरियसचं मत नाकारलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं. २०२५ मध्ये त्या परिषदेला १७०० वर्षं झाली. आज आपण म्हणतो ती कबुली तिथे सुरू झाली आणि ३८१ साली कॉन्स्टॅंटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, परिषदेशी जोडलेल्या रूपात आपल्यापर्यंत आली.

मधली छप्पन वर्षं शांततेची नव्हती. सम्राट बदलले तशी राजमान्य श्रद्धाही बदलत गेली. नायसियाची बाजू लावून धरणाऱ्या अथनासियसला अलेक्झांड्रियाच्या धर्माध्यक्षपदावरून पाच वेळा हाकललं गेलं. त्या पदाच्या पंचेचाळीस वर्षांतली सतरा त्याने परागंदा काढली. आणि हा वाद फक्त धर्माध्यक्षांचा नव्हता. निसाचा ग्रेगरी कॉन्स्टॅंटिनोपलबद्दल लिहितो की, सुटे पैसे मागितले तर दुकानदार जन्मलेल्या आणि अजन्म्याबद्दल बोलू लागतो, पावाचा भाव विचारला तर पिता थोर आणि पुत्र धाकटा असं उत्तर मिळतं. ग्रेगरी त्यावर वैतागलेला आहे. मला ते वाचून त्या शहराबद्दल आदर वाटतो. पाव विकणाऱ्याला आपला देव कोण याची फिकीर होती.

अरियस चुकला कुठे? त्याने देवाला फार उंच ठेवलं, पण त्या उंचीवरून देव खाली आलाच नाही. वस्तीत पाणी शिरल्यावर साहेबाने शिपाई पाठवणं वेगळं आणि साहेबाने स्वतः गुडघाभर चिखलात उतरणं वेगळं. अरियसचा ख्रिस्त कितीही थोर असला तरी तो पाठवलेला माणूस राहतो. क्रुसावर मेला तो देव नव्हेच, देवाचा कोणी उत्तम सेवक मेला. मग देवाने आपल्यासाठी स्वतः काय सोसलं? काहीच नाही. अथनासियसला हेच मान्य नव्हतं, आणि माझ्या मते त्या सतरा वर्षांची किंमत या एका मुद्द्यासाठी जास्त नव्हती.

पण कबुलीची ही बाजू, ख्रिस्त देव आहे ही, आम्हा भाविकांना जड जात नाही. आपल्याकडे तर नाहीच. ज्या गावात दगडालाही शेंदूर लागतो तिथे देव मानणं अवघड नसतं. अवघड जाते ती दुसरी बाजू: तो माणूस होता, आणि पुरता माणूस होता. ती बाजू आपण नकळत पातळ करत जातो. गोठ्यातलं बाळ रडलं नसेल, सुताराच्या पोराच्या हातात कुसळ गेलं नसेल, त्याला सगळं आधीच माहीत असेल, असं आपण मनाशी धरून चालतो. शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, मात्र तसं म्हणत नाहीत. लूक सांगतो की येशू वयाने वाढला तसा ज्ञानानेही वाढला. मार्कमध्ये गर्दीत कोणीतरी वस्त्राला शिवतं तेव्हा तो वळून विचारतो, कोण शिवलं मला? त्या शेवटच्या दिवसाबद्दल तो स्वतः म्हणतो की तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला ठाऊक. मेलेल्या मित्राच्या, लाजरसच्या कबरीपाशी तो रडतो.

आणि तो झोपतो. मार्कच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय आमच्यासारख्या दर्यावरच्या लोकांनी वाचावा असाच आहे. दिवसभर येशू किनाऱ्याला लागलेल्या होडीत बसून लोकांना शिकवतो. संध्याकाळ होते तेव्हा म्हणतो, चला, पलीकडे जाऊ. शिष्य त्याला होता तसाच घेऊन निघतात, असं मार्क लिहितो. होता तसाच, म्हणजे किनाऱ्यावर न उतरता, त्याच होडीत. मग वादळ उठतं. गालीलचा समुद्र म्हणजे खरं तर एक गोड्या पाण्याचं सरोवर, सुमारे एकवीस किलोमीटर लांब, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून अधिक खाली, भोवती डोंगर. वरून वारा सुटला की पाणी बघता बघता उसळतं. १९८६ साली दुष्काळात पाणी आटलं तेव्हा तिथल्या चिखलात त्या काळाच्या आसपासची एक होडी सापडली, सव्वाआठ मीटर लांब आणि दोन-सव्वादोन मीटर रुंद. मी बाबांना तिचा फोटो दाखवला होता. त्यांनी चष्मा वर करून फळ्यांचे सांधे पाहिले. वेगवेगळ्या झाडांचे तुकडे जोडलेले, ठिकठिकाणी ठिगळं लावलेली. "गरिबाची होडी," ते म्हणाले. इतक्या होडीत बारा-तेरा माणसं बसली तर कड पाण्याला किती टेकते, हे त्यांनी हाताने दाखवलं.

लाटा होडीत येतायत, होडी भरत चाललीय, आणि येशू मागच्या टोकाला उशीवर डोकं ठेवून झोपला आहे. उशीचा उल्लेख फक्त मार्क करतो. मत्तय आणि लूकने ती गाळली. बाबांना ती उशी फार आवडायची. त्यांचं म्हणणं असं की वादळात झोप लागते ती दोघांनाच, तान्ह्या पोराला आणि मरणाचं दमलेल्या माणसाला. उधाणात जाळं ओढून आल्यावर ते स्वतः तसे झोपले होते, अंगावर पाणी येत असताना. त्यामुळे येशू झोपेचं सोंग करत होता, शिष्यांची परीक्षा बघत होता, असं कोणी प्रवचनात म्हणालं की ते मान हलवायचे. दमला होता तो, दिवसभर बोलून बोलून.

आता यहुदी माणसाच्या कानांनी हे ऐकायला हवं. एकशे एकविसावं स्तोत्र त्यांना पाठ होतं: इस्राएलचा राखणदार डुलकी घेत नाही, झोपत नाही. एकशे सातव्या स्तोत्रात वादळात सापडलेले खलाशी देवाचा धावा करतात आणि देव वादळ शांत करतो. म्हणजे झोप न येणं ही देवाची खूण, आणि वादळ थांबवणं हीही देवाचीच खूण. त्या होडीत एकच जण झोपतोही आणि वादळ थांबवतोही. शिष्य त्याला हलवून उठवतात: गुरुजी, आपण बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का? त्यांच्यात पेत्र, आंद्रिया, याकोब, योहान हे चौघे तरी जन्माचे मासेमार. ते घाबरले म्हणजे प्रकरण खरंच हाताबाहेर गेलं होतं. येशू उठतो, वाऱ्याला दटावतो, समुद्राला म्हणतो, गप्प, शांत हो. आणि वारा पडतो. गंमत अशी की शिष्यांना जास्त भय वाटतं ते त्यानंतर. ते एकमेकांना विचारतात: हा आहे तरी कोण?

पुढच्या साडेसहाशे वर्षांच्या सगळ्या परिषदा त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होत्या असं मला वाटतं. सोपं उत्तर दोन तुकड्यांचं आहे: झोपला तो माणूस, उठला तो देव. पण होडीत दोघे नव्हते. नाझियान्झसचा ग्रेगरी, हा दुसरा ग्रेगरी, एका भाषणात अशा जोड्याच जोड्या मांडतो: त्याला भूक लागली, पण त्याने हजारोंना जेवू घातलं, त्याला तहान लागली, पण तोच म्हणाला की तहानेल्याने माझ्याकडे यावं, तो रडला, पण तोच रडणं थांबवतो. प्रत्येक वाक्याचा कर्ता एकच. याच ग्रेगरीचं आणखी एक वाक्य मी कायम जवळ बाळगते. अपोलिनारिस नावाचा एक धर्माध्यक्ष म्हणत होता की ख्रिस्ताला देह माणसाचा होता, मन मात्र माणसाचं नव्हतं. मनाच्या जागी देवाचा शब्दच, म्हणजे तो ईश्वरी पुत्रच, होता. ग्रेगरीने उत्तर दिलं की त्याने जे स्वीकारलं नाही, ते बरंही झालं नाही. ख्रिस्ताला माणसाचं मन नसेल तर माणसाचं मन तसंच आजारी राहिलं. आणि आपल्या सगळ्या भानगडी मनाच्याच तर आहेत.

वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत हे मला डोळ्यांनी दिसतं. आठ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मदिवसानंतर आठवडाभर टेकडीवर मुंबई लोटते, ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, पारशी सगळे. आजचं चर्च १९०४ सालचं, पण भक्ती त्याहून खूप जुनी. मूर्ती कोळ्यांना समुद्रात सापडली अशी कथा आमच्या लोकांत सांगतात. चढावर दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात: हात, पाय, डोळे, हृदय, तान्हं बाळ, घर. ज्याचा गुडघा दुखतो तो मेणाचा पाय घेतो, ज्यांना मूल हवं ते मेणाचं बाळ. एकदा माझ्या पुढे एक बाई मेणाचा कान हातात धरून उभ्या होत्या, उन्हाने तो मऊ व्हायला लागला होता म्हणून पदराने सावली करत होत्या. शिकलेली माणसं याला भोळेपणा म्हणतात. मला तो विश्वास अगदी रास्त वाटतो. देवाने कान, गुडघा, गर्भाशय यांच्याशी स्वतःचा संबंध जोडला असेल, तर कान घेऊन त्याच्या आईकडे जाण्यात गैर काय? ४३१ साली इफिसच्या परिषदेने मरियेला देवजननी म्हणायचं ठरवलं, ते मरियेचा मान वाढवण्यापुरतं नव्हतं. कॉन्स्टॅंटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस म्हणत होता की तिला ख्रिस्ताची आई म्हणा, देवाची म्हणू नका. परिषदेने विचारलं, तिने जन्म कोणाला दिला? एका निव्वळ माणसाला, ज्याच्यात देव नंतर राहायला आला? तिच्या पोटी जो वाढला तोच देव. टेकडीवर माउलीच्या हातात जे मूल आहे, त्याच्याबद्दलचं ते वाक्य आहे.

मग ४५१ साली कॅल्सेडनची परिषद झाली. तिने जे सूत्र दिलं ते आजही कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ग्रीक-रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा पाया आहे: एकच ख्रिस्त, दोन स्वभाव, ईश्वरी आणि मानवी, गोंधळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, वेगळेपण न येता. चारही शब्द नकाराचे. कसं ते सांगितलेलं नाही, फक्त चार बाजूंना चार कुंपणं घातली आहेत. मला हा संयम फार मोलाचा वाटतो. पण याच सूत्रावरून चर्च फुटलं. इजिप्त, सिरिया, आर्मेनियातल्या पुष्कळांना वाटलं की दोन स्वभाव म्हटलं की ख्रिस्त दुभंगतो. त्यांच्या परंपरेतले लोक आज मुंबईतही आहेत. केरळातून आलेली मलंकरा ऑर्थोडॉक्स कुटुंबं त्याच बाजूची. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर असं एक कुटुंब राहतं. नाताळला आमच्याकडून त्यांच्याकडे फराळाचं ताट जातं, आणि त्यांच्याकडून केक येतो. १९७३ साली पोप सहावे पॉल आणि इजिप्तच्या कॉप्टिक चर्चचे पोप तिसरे शेनुडा यांनी एकत्र जाहीर केलं की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे ही आमची श्रद्धा एकच आहे. पंधराशे वर्षांनी. इतक्या काळात दोन्ही बाजूंनी किती माणसं दुखावली गेली, हा विचार मनातून जात नाही.

मराठी वाचक इथे विचारेल, आणि माझ्या शेजारणीने विचारलंही आहे: मग हा अवतारच ना? हा प्रश्न नारायण वामन टिळकांच्या आयुष्यातही असणार. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा मुंबईतच झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणत, आणि आपल्या कवितेत त्यांनी ख्रिस्ताला माउली आणि गुरू म्हटलं. त्यांना आधी ओढून घेतलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने, म्हणजे शिकवणाऱ्या ख्रिस्ताने. मला अवतार या कल्पनेबद्दल आदर आहे आणि तिच्यातला देवाचा जिव्हाळा मला कळतो. तरी शेजारणीला मी सांगितलं ते हे: ख्रिस्ती श्रद्धेत देव एकदाच माणूस झाला, आणि तो माणूसपण सोडून परत गेला नाही. पुनरुत्थानानंतर तो शिष्यांना भेटला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, तोमाला त्याने ते दाखवले. स्वर्गारोहणानंतरही तो माणूस आहे. देवाच्या उजवीकडे आज, या क्षणी, एक माणसाचा देह आहे आणि त्याच्यावर जखमांच्या खुणा आहेत. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्यातल्याही पुष्कळांच्या हे लक्षात नसतं.

ख्रिस्त कोण, या प्रश्नाला जोडूनच तो काय करतो हा प्रश्न येतो. ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त. जुन्या इस्राएलात तेलाचा अभिषेक राजाला व्हायचा, याजकाला व्हायचा, आणि कधी संदेष्ट्यालाही. म्हणून चर्चने पूर्वीपासून ख्रिस्ताच्या कामाची ही तीन अंगं सांगितली. संदेष्टा देवाचं म्हणणं लोकांना सांगतो. येशूच्या बाबतीत सांगणारा आणि सांगणं एकच, त्यावर जास्त बोलायला नको.

राजाबद्दल मला थोडं अवघडल्यासारखं वाटतं, कारण राजा म्हटलं की सत्ता आली, आणि सत्तेच्या जोरावर ख्रिस्ताच्या नावाने या किनाऱ्यावर काय काय झालं ते पोर्तुगिजांच्या इतिहासात आहे. पण मुंबईच्या गावठाणांत नाक्यानाक्यावर जे जुने क्रूस उभे आहेत ते पाहिले की राजा या शब्दाला धार येते. त्यांतले पुष्कळ १८९६ च्या प्लेगच्या काळात उभे राहिले. घराघरातून माणसं मरत होती, लोक घरं सोडून पळत होते, आणि जे मागे राहिले त्यांनी रस्त्यावर क्रूस उभा करून त्याच्यापुढे प्रार्थना सुरू केली. जुन्या दगडी क्रुसांवर बारीक कोरीवकाम असतं. हातोडा, खिळे, पकड, शिडी, येशूच्या कपड्यांसाठी टाकलेले फासे, पेत्राला रडवणारा कोंबडा. आणि सगळ्यांच्या वर चार रोमन अक्षरं, आय एन आर आय, म्हणजे नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा. येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदार पिलातने ती पाटी हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत लावली, आरोप म्हणून. राजेपणाची घोषणा झाली ती गुन्ह्याच्या पाटीवर. १९२५ साली पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्तराजाचा सण सुरू केला तेव्हा युरोपात पहिल्या महायुद्धाची राख अजून गरम होती आणि इटलीत मुसोलिनी सत्तेवर होता. कुठल्याही राज्यकर्त्याचा माणसावर शेवटचा हक्क नाही, असं मी त्या सणातून घेते. हा राजा हुकूम सोडतो तो लाटांना. माणसांचे त्याने पाय धुतले.

पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते त्याचं याजकपण. याजक माणसांच्या वतीने देवापुढे उभा राहतो. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे की आपला प्रमुख याजक आपल्या दुबळेपणाबद्दल कळवळा न येणारा नाही. तो सर्व बाबतींत आपल्यासारखा पारखला गेला, फक्त पाप त्याने केलं नाही. आणि पुढच्याच अध्यायात: त्याने मोठ्याने आक्रोश करून, आसवं गाळून प्रार्थना केली. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव आणि माणसं यांच्यातला एकच मध्यस्थ सांगितला आहे, आणि तिथे नेमका शब्द वापरला आहे: मनुष्य ख्रिस्त येशू. इतर याजक बळी आणतात, हा स्वतःच बळी झाला. मिस्सेत हे रोज घडतं आणि रोज पाहूनही ते पुरतं कळत नाही.

बाबांना पोटाचा कर्करोग झाला. वॉर्डात भेटायला येणारे नातेवाईक आणि धर्मग्रामातली माणसं मायेनेच यायची, केळी-मोसंबी आणायची, आणि जाताना म्हणायची, देवाची इच्छा आहे, मान्य करा. बाबा मान डोलवायचे. एका रात्री बाकी सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, "मना अजून जावाचा नाय." आणि थोड्या वेळाने, "माझा विश्वास कमी पडला काय गो?" आयुष्यभर चर्चला गेलेला, दर शुक्रवारी मासे बाजूला ठेवून उपास करणारा, वादळात देवाचं नाव घेऊन होडी किनाऱ्याला आणणारा माणूस. त्याला भीती मरणाची होती, आणि त्याहून जास्त भीती ही, की मरण नकोसं वाटणं म्हणजे देवाला नाही म्हणणं.

मला तेव्हा मॅक्सिमस आठवला. सातव्या शतकात कॉन्स्टॅंटिनोपलच्या राज्यकर्त्यांना कॅल्सेडनवरून फुटलेलं चर्च पुन्हा जोडायचं होतं. त्यांनी तोड काढली: स्वभाव दोन म्हणा हवं तर, पण ख्रिस्ताची इच्छा एकच होती, ईश्वरी. ऐकायला किती पवित्र वाटतं! मॅक्सिमस नावाचा संन्यासी म्हणाला, असं म्हटलं तर गेथसेमाने बागेत प्रार्थना कोणी केली? तिथे येशू जमिनीवर पालथा पडतो. त्याला धडकी भरते, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असं तो मित्रांना सांगतो. मग म्हणतो: अब्बा, बापा, तुला सगळं शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर. नंतर दुसरं वाक्य: तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. ते "माझी इच्छा" खरं असेल तर ख्रिस्ताला माणसाची इच्छा होती, आणि त्या इच्छेला मरण नको होतं. जगणाऱ्या देहाला मरण नको वाटतं हे निसर्गतः आहे, त्यात दोष नाही, असं मॅक्सिमसने मांडलं. सम्राटाने या विषयावर बोलायलाच बंदी केली होती. पोप पहिले मार्टिन यांनी मॅक्सिमसची बाजू घेतली म्हणून त्यांना रोममधून पकडून नेलं, आणि ते हद्दपारीतच वारले. ६६२ साली म्हाताऱ्या मॅक्सिमसची जीभ आणि उजवा हात तोडला, म्हणजे बोलायला नको आणि लिहायला नको. त्याच वर्षी तो काळ्या समुद्रापलीकडे, आजच्या जॉर्जियात, मरण पावला. ६८०-८१ च्या परिषदेने त्याचंच म्हणणं खरं धरलं: ख्रिस्तात दोन इच्छा आहेत, आणि मानवी इच्छा ईश्वरी इच्छेच्या मागून चालते, ती पुसली जात नाही.

मी बाबांना ही नावं सांगितली नाहीत. मार्कचा चौदावा अध्याय वाचून दाखवला. प्याला दूर कर, हे येशूने एकदा म्हणून सोडलं नाही, पुन्हा जाऊन त्याच शब्दांत प्रार्थना केली, हे त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. "म्हणजे त्याला पण नको होता," ते म्हणाले. मग बराच वेळ ते त्या शिष्यांबद्दल बोलत राहिले. होडीत वादळ होतं तेव्हा तो झोपला होता आणि हे जागे होते. इथे त्याच्यावर वादळ आलंय तर तो जागा आहे आणि हे झोपलेत. मी इतक्या वेळा ते अध्याय वाचले, पण ही जोड मला बाबांनी दाखवली.

बाबा गेले तेव्हाही त्यांना जायचं नव्हतंच, असं मला वाटतं. पण त्या रात्रीनंतर विश्वास कमी पडल्याचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. प्रार्थनेत ते उघड मागायचे: अजून थोडं ठेव, पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा लोटतील तेवढं बघू दे. आणि शेवटी म्हणायचे, मग तुझं तू बघ. त्यांच्या तोंडून हे दोन्ही एकत्र ऐकताना मला कॅल्सेडनचं सूत्र ऐकू यायचं, कुंपणाचे चारही शब्द शाबूत.

हल्ली मी आजाऱ्यांकडे जाते तेव्हा देवाची इच्छा हे शब्द आपण होऊन उच्चारत नाही. ज्यांना ऐकायचं असतं त्यांना गेथसेमानेचा उतारा वाचून दाखवते, सबंध, भीतीच्या आणि नकाराच्या ओळींसकट. गेल्या उपवासकाळात एका चाळीत एक आजी होत्या, श्वास लागलेला, तीन उशांना टेकून बसलेल्या. मी प्याला दूर कर इथपर्यंत आले आणि पुढे जाणार तर त्यांनी हात वर केला. ते वाक्य परत वाच, म्हणाल्या. मी परत वाचलं. आणखी एकदा म्हणाल्या, तेही वाचलं. मग त्यांनीच मान हलवून पुढे जायला सांगितलं, आणि दुसरं वाक्य आम्ही दोघींनी मिळून म्हटलं.